मनोऱ्याखालचे सांधे

माझी आत्या सांधे जोडायची. असं सांगितलं की हमखास गैरसमज व्हायचा. शेजारच्या शिंपीणबाई एकदा लंगडत तिच्याकडे आल्या आणि गुडघा पुढे करून बसल्या. आत्याने त्यांना चहा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि मग हळूच सांगितलं, "बाई, मी तांब्याचे सांधे जोडते हो. हाडांतलं मला काही कळत नाही."

"असू दे," शिंपीणबाई म्हणाल्या, "आता आलेच आहे तर चहा संपवूनच जाते."

गावाबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या सखल मैदानात रेडिओ केंद्राचा मनोरा होता. लोकांना तो वर गेलेला दिसायचा, पण त्याचा अर्धा कारभार जमिनीखाली होता. पायथ्यापासून चहूबाजूंना, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा पुरलेल्या होत्या. त्या सगळ्या पायथ्याभोवतीच्या एका रुंद तांब्याच्या कड्याला जोडलेल्या, आणि ते कडं पुढे जमिनीत खोल ठोकलेल्या सळयांना. या तारांमुळे केंद्राचा आवाज लांबवर जायचा, आणि मनोऱ्यावर वीज पडली तर तिला खाली मुरायला वाट मिळायची. अट एकच, मधला प्रत्येक सांधा धड असायला हवा. तार तुटली तर निदान कळतं. सांधा आतून गेला तर वरून पत्ता लागत नाही.

मनोरा उभा राहिला तेव्हा हे सांधे माझ्या आजोबांनी केले. ते तांब्याची भांडी घडवायचे. पण घराघरांत स्टीलची चकचकीत पातेली आली आणि आजोबांच्या हातोडीला काम उरलं नाही. रेडिओ केंद्राला तांब्याची जाण असलेला माणूस हवा होता, आजोबांना काम हवं होतं. मदतीला त्यांनी आत्याला घेतलं. माझे वडील तिच्यापेक्षा मोठे, पण त्यांना भट्टीजवळ घटकाभर बसवत नसे. ते पुढे कचेरीत चिकटले आणि पंख्याखाली सुखी झाले. आत्याला मात्र आगीचं वेड होतं. ज्वाळेचा रंग बघून तांबं किती तापलंय ते ती सांगायची.

आजोबांची पद्धत डाग देण्याची. तांब्याची दोन टोकं घासून घ्यायची, एकमेकांवर बसवायची, वरून कथील-शिशाचा रस सोडायचा. भांड्यांना त्यांनी जन्मभर असेच डाग दिले होते आणि त्यांनी सांधलेली घागर गळते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेव्हाच्या इंजिनियरसाहेबांनीही ते सांधे ओढून पाहिले, मान डोलावली, वर माती लोटली गेली.

त्याच मैदानात आत्याचं लग्नही जमलं. केंद्राच्या यंत्रखोलीत एक तरुण यंत्रचालक होता. मनोरा सुरू करायच्या आधी तो दारात येऊन ओरडायचा, "तारांना हात लावू नका हो, चालू करतोय!" काही दिवसांनी आजोबांच्या लक्षात आलं की मनोरा बंद असतानाही हा येऊन ओरडतोय. ते म्हणाले, "एवढी काळजी असेल तर घरी येऊन रीतसर विचार." तो आला. ते माझे आतोबा.

आतोबांचं सगळं काम कानावर चालायचं. यंत्राची घरघर जरा बदलली की काटा हलायच्या आत त्यांना समजायचं. घरातही तेच. नळाची चकती झिजलीय, पंख्याला तेल हवंय, आणि बायको चिडलीय, हे सगळं ते भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचे.

वर्षं गेली. आजोबा थकून आत्याकडेच राहायला आले, तारांची देखभालही तिच्याकडे आली. मग केंद्रावर नव्या इंजिनियरबाई रुजू झाल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पायात कायम चिखलाचे बूट. आल्या आल्या त्यांनी आत्याला एक सांधा उकरायला सांगितलं. बाईंनी तो नखाने खरवडला तशी करडी भुकटी गळली.

"ताई, हे सगळे बदलावे लागतील," बाई म्हणाल्या. "कथील ओल्या मातीत कुजतं. आणि वीज पडली की सांधा इतका तापतो की डाग मेणासारखा वितळेल. तारा एकजीव करायला हव्यात. ओतून."

आत्याने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा काठी टेकत केंद्रावर हजर.

"बाई, हा मनोरा उभा राहिला तेव्हा तुम्ही शाळेत तरी जात होता का?"

"जन्मलेही नव्हते, आजोबा. पण तांब्याला ते कुठे माहीत आहे?"

आजोबांचा चेहरा लाल झाला. आत्या मध्ये पडली, आणि ती वडिलांच्या बाजूने पडली. इतकी वर्षं काही झालं नाही, आता वादळाचे दिवस तोंडावर आलेत, सगळं मैदान उकरून ठेवलं आणि काम अर्धवट राहिलं तर? त्यापेक्षा वादळं सरल्यावर बघू. बोलणं वाजवी होतं. बाईंना ते पटलं नव्हतं, पण तारा आत्याच्या हाताखालच्या, माणसंही तिचीच. काम पुढे ढकललं गेलं. मनातल्या मनात आत्याला वाटत होतं की तोवर बाईंची बदली होईल.

वीज पडली ती भर दुपारी. आत्या अंगणातले वाळत घातलेले कपडे काढत होती. आत रेडिओवर गाणं चालू होतं. डोळ्यांसमोर पांढरं झालं, खिडकीची तावदानं थरथरली, आणि आत गाणं थांबलं. ते पुन्हा सुरू होईल म्हणून ती कपडे हातात धरून उभी राहिली. मग कपडे तिथेच टाकून धावत सुटली.

आतोबा यंत्रखोलीच्या पायरीवर बसले होते. उजवा हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा असावा तसा लांब धरला होता. "मी ठीक आहे!" ते ओरडले. ती दोन पावलांवर होती, तरी ओरडले. आत यंत्राच्या कपाटाचं दार काळं पडलं होतं. वीज कडाडली तेव्हा त्यांचा हात नेमका त्या दारावर होता.

उजवा कान गेला तो कायमचाच. डाव्याने मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकू यायचं. हात बरा झाला, पण दोन बोटं मिटेनात.

ते दवाखान्यात असतानाच आत्या आणि इंजिनियरबाईंनी पायथा उकरला. कड्यापासून खोल सळयांकडे जाणारी पट्टी सुटून बाजूला पडली होती. खालच्या मातीत कथलाचे थेंब मण्यांसारखे विखुरले होते. विजेला खाली जायची वाट बंद मिळाली, म्हणून ती केबल धरून यंत्रखोलीत शिरली होती. बाई ते थेंब एकेक करून वेचू लागल्या. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आत्या नंतर म्हणायची.

आजोबांना कळलं तेव्हा ते केंद्रावर आले आणि उकरलेल्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "पायथ्याचा सांधा ना? तो माझा."

"नाही बाबा, तो माझा. तेव्हा तुम्ही तापाने पडला होता."

"ताप नंतर आला. तो माझाच."

"मला चांगलं आठवतंय. माझा हात भाजला होता त्या दिवशी."

दोघं आवाज चढवून भांडू लागले, जणू वाटणी चालली होती आणि दोघांनाही तोच तुकडा हवा होता. शेवटी बाई म्हणाल्या, "डाग कुणाचाही असता तरी वितळलाच असता." हे त्या समजूत घालायला बोलल्या. पण त्याने आजोबांना सर्वांत जास्त लागलं. चूक आपल्या हाताची असती तर त्यांना सोसली असती. आपली अख्खी विद्याच कमी पडली, हे त्यांना गिळता येईना. ते घरी गेले आणि त्यांनी बोलणं टाकलं. आत्याने ताट वाढलं की ते म्हणत, "ठेव." बस, एवढंच.

आत्या दुसऱ्या दिवशी बाईंपुढे उभी राहिली. "मला ते ओतायचं शिकवा."

ओतण्याच्या कामाला ग्राफाइटचा काळा साचा लागतो, उघडमीट होणारा, दोन भागांचा. तारांची टोकं घासून लख्ख करायची, साचा शेकून आतली ओल घालवायची, टोकं आत बसवून साचा आवळायचा. वरच्या वाटीत पत्र्याची चकती ठेवून तांब्याचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांची पावडर ओतायची, वर पेटवणाची चिमूट, झाकण, आणि ठिणगी. वाटीत भडका उडतो, झाकणाच्या फटीतून डोळे दिपवणारा उजेड येतो, चकती वितळते आणि तांब्याचा रस खाली तारांवर उतरतो. दोन-चार श्वासांत सगळं संपतं. साचा उघडून वरची खरपुडी ठोकून पाडली की आत लालभडक गठ्ठा दिसतो. जोड म्हणावा असं काही दिसत नाही. एकच तार, मध्ये फुगलेली.

बाईंनी केलं तेव्हा ते सोपं वाटलं. आत्याचा पहिला सांधा फुसफुसला आणि रस बाहेर उडाला. साचा ओला राहिला होता. दुसरा बाहेरून गुबगुबीत निघाला. बाईंनी करवतीने मधोमध कापला. आत पोकळी, किडक्या दातासारखी.

"परत," बाई म्हणाल्या.

तिसऱ्यालाही "परत". चौथ्यालाही. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीला आलेली बाई, जिच्या हातात जन्मभर तांबं होतं, ती मैदानात फतकल मारून रडायला लागली. इंजिनियरबाई शेजारी चिखलात बसल्या. म्हणाल्या, "माझे पहिले सगळे पोकळ निघाले होते. मी घरी जाऊन सांगितलं की मी नोकरी सोडते."

"मग?"

"आई म्हणाली, सोड. मग मला रागच आला."

आत्याला हसू फुटलं. नंतरचा सांधा भरीव निघाला.

मग तिने मैदान उकरायला घेतलं. ओतायच्या आधी जुने सांधे सोडवावे लागत. आजोबांचे डाग सोडवायला नुसती ज्योत पुरायची. घटकाभर धरली की तार आपसूक सुटून यायची. हे तिला सहन व्हायचं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ती वडिलांसमोर जायचं टाळू लागली. त्या घरात तेव्हा एक माणूस बोलत नव्हता आणि एकाला ऐकू येत नव्हतं.

आतोबा तोवर दवाखान्यातून घरी आले होते. ते तिला एका शब्दाने बोलले नव्हते, आणि तेच तिला खुपत होतं. एका सकाळी ते शर्टाची बटणं लावत होते. ती पुढे होऊन लावायला लागली आणि पुटपुटली, "चूक माझी होती. काम मीच पुढे ढकललं."

"काय?"

"चूक माझी होती!"

"मोठ्याने बोल गं, ऐकू येत नाही."

"चूक माझी होती! मी तेव्हा ऐकलं असतं तर तुमचा कान शाबूत राहिला असता!" ती ओरडली. भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं मशीन थांबलं.

आतोबा खाटेवर बसले. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग एकदा तरी रागवा माझ्यावर!"

"रागावलो की. दवाखान्यात रोज रागावत होतो. तू डबा घेऊन यायचीस तेव्हा डोळे मिटून पडायचो, झोपलोय असं वाटावं म्हणून."

आत्याला ते ठाऊक नव्हतं. ती डब्याचं झाकण वाजू न देता तासन्‌तास शेजारी बसून राहायची, आजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी.

"अजून राग आहे?" तिने विचारलं, ओठ नीट दिसतील अशी समोर बसून.

"अधूनमधून," आतोबा म्हणाले. "बटणं लावताना."

तिने उरलेली बटणं लावली. पलीकडे शिंपीणबाईंचं मशीन पुन्हा सुरू झालं. त्या दिवसापासून आतोबा रागावले की सरळ सांगू लागले, आणि आत्या म्हणते की तेव्हाच तिला पुन्हा नीट झोप लागायला लागली.

मैदानाची एक बाजू पुरी झाल्यावर आजोबा आले. काठी टेकत चराच्या काठावर उभे राहिले. आत्या खाली मान घालून तारेचं टोक घासत राहिली. मग ते म्हणाले, "कापलेला एखादा दाखव."

तिने तपासणीसाठी कापलेला एक सांधा वर दिला. आजोबांनी तो उजेडात धरला, कापावर अंगठ्याचं नख फिरवलं, नाकाजवळ नेला.

"शिवण कुठे आहे?"

"नाही बाबा."

"मग जोडलं कुठे म्हणायचं?"

"जोडलं नाही. दोन्ही वितळून एकच झालंय."

आजोबा खाली बसले. तो तुकडा त्यांनी मांडीवर ठेवला. भांडी घडवणाऱ्याला तांब्यात शिवण न दिसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नसतं. आज थोडंफार कळतं. घाव घालून, तापवून, डाग देऊन ते जन्मभर ज्याच्या जवळ जाऊ पाहत होते, ते एक पावडर दोन-चार श्वासांत करत होती. ते कडवट होतील असं आत्याला वाटलं. पण ते तिच्या हातातल्या तारेकडे बघून म्हणाले, "हे टोक नीट घासलं नाहीस. आत काळं राहिलंय. आण इकडे."

त्यानंतर टोकं घासायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. इंजिनियरबाईंनी त्यांना हातमोजे आणून दिले.

"हातमोज्यांतून मला तांबं कळत नाही," आजोबा म्हणाले.

"आणि हातमोज्यांशिवाय मला तुम्हाला इथे बसू देता येत नाही."

आजोबांनी बाईंकडे पाहिलं, मग आत्याकडे. कुरकुरत हातमोजे घातले. बाईंचे आणि त्यांचे नंतरही खटके उडायचे, पण चहा ते बाई आल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

पहिली वादळं पुन्हा आली तोवर सगळं काम मातीखाली गेलं होतं. आतोबांना यंत्रावर परत घेतलं नाही. कानाशिवाय ते काम त्यांनाही नको होतं. मैदानाचं कुंपण आणि गवत त्यांच्याकडे सोपवलं. सुरुवातीला ते यंत्रखोलीकडे पाठ करून गवत कापायचे. पुढे कधीतरी ते बंद झालं. दारात उभं राहून नव्या यंत्रचालकाला ते हातवारे करून काय काय समजावू लागले.

वीज पुन्हा पडली तेव्हा आत्या वाण्याच्या दुकानात होती. फळीवर रेडिओ चालू होता, निवेदक बाजारभाव सांगत होता. बाहेर लख्ख झालं. निवेदकाचा आवाज एक शब्द गिळल्यासारखा तुटला आणि "बटाटे" वरून पुढे चालू झाला. दुकानात कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाणी साखर तोलत होता. आत्याने पिशवी खाली ठेवली आणि पोत्यावर बसली.

"चक्कर आली का?" वाण्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "बसले जरा."

आजोबा त्यानंतर फार वर्षं नव्हते. इंजिनियरबाईंची बदली झाली, त्यांनी जिथे जिथे मनोरा उभा केला तिथे तिथे आत्याला बोलावलं, आणि ती साचे पेटीत भरून जायची. तिच्या हाताखाली कितीतरी जणी शिकल्या. आत्या त्यांचे सांधे कापून बघायची आणि "परत" म्हणायची.

अलीकडे आमच्या गावचं ते केंद्र बंद झालं. आता आवाज दुसऱ्या वाटांनी जातो, एवढा उंच मनोरा कुणाला नको. तो उतरवल्यावर मुकादम माणसं घेऊन तारा उपसायला आला. आत्या पार वाकली होती, तरी मला घेऊन बघायला गेली. सांधे सुटत नव्हते म्हणून माणसं दोन्ही बाजूंनी तारा कापत होती आणि गठ्ठे एका ढिगात टाकत होती. आत्या ढिगाजवळ उकिडवी बसली. एकेक उचलून पाहू लागली, कान जवळ नेऊन दगडावर वाजवू लागली. बहुतेक ठणठणीत. एक मात्र बद्द वाजला.

तिने मुकादमाकडून करवत मागितली. माझ्याकडून कापून घेतला. आत मोठी पोकळी होती, अंगठा जाईल एवढी. इतकी वर्षं तो तसाच जमिनीत होता, वीज पडली तेव्हाही, आणि कुणाला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने मला इंजिनियरबाईंना फोन लावायला सांगितला. बाईही आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. आवाज कापरा येत होता. आत्याने सगळं सांगितलं. ढिगात कसा सापडला, केवढी पोकळी, कसा बद्द वाजला. म्हणाली, "बाई, मी तो तेव्हा तपासायला हवा होता."

पलीकडून बाईंनी विचारलं, "एवढ्यांत एकच?"

"सापडला तो एकच."

"माझे किती निघतील देव जाणे," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. आत्याही हसायला लागली. आतोबा खुर्चीतून ओरडून विचारत होते काय झालं म्हणून, आणि तिला हसू आवरेना, त्यामुळे सांगायचं काम माझ्यावर आलं.